सुटून आलेली पावले मागे का वळतात?



गुलामगिरीतून स्वतः सुटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन या अमेरिकन स्त्रीच्या नावावर एक वाक्य आपल्याकडे फार फिरते. मी पुष्कळ गुलामांना मुक्त केले, पण आपण गुलाम आहोत हे इतरांना कळले असते तर आणखी कितीतरी जणांना सोडवू शकले असते, अशा अर्थाचे. तुम्हीही ते एखाद्या व्याख्यानात ऐकले असेल, किंवा सकाळच्या सुविचारात मोबाइलवर आले असेल. मी स्वतः ते आमच्या साप्ताहिक सत्संगात सांगितले होते. माणूस अज्ञानाच्या झोपेत आहे, त्याला बंधनाची जाणीवच नाही म्हणून तो सुटत नाही, हा मुद्दा पटवायला ते फार सोयीचे पडते.

सत्संग संपल्यावर चपला घालता घालता एक आजी मला म्हणाल्या, "अहो, ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला ठाऊक नसेल होय आपण कोण आहोत ते?"

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन वाचू लागलो तेव्हा कळले की हॅरिएटने हे वाक्य कधी उच्चारल्याची नोंदच नाही. तिच्या आयुष्यावर वर्षानुवर्षे काम केलेल्या अभ्यासकांनी ते बनावट ठरवले आहे. पुढच्या आठवड्यात मी सर्वांसमोर चूक कबूल केली. पण आजींचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. माणसाला बंधनात कोण धरून ठेवते, याचे आपले उत्तर चुकले तर त्याला मदत कशी करायची याचेही उत्तर चुकते. म्हणून तिची खरी हकीकत आज तुमच्यासमोर ठेवतो.

हॅरिएटचा जन्म १८२२ च्या सुमारास मेरीलँड राज्यातील डॉर्चेस्टर परगण्यात झाला. तिचे मूळ नाव अरामिंटा, घरात सगळे मिंटी म्हणत. आई रिट आणि वडील बेन रॉस दोघेही गुलाम, आणि तेही वेगवेगळ्या मालकांचे. आई गुलाम असेल तर लेकरू जन्मतःच मालकाच्या मालमत्तेत जमा, असा कायदाच होता. मिंटी सहा-सात वर्षांची झाली तेव्हापासून तिला परक्यांच्या घरी भाड्याने कामाला धाडू लागले. चाबकाचा मार कमी लागावा म्हणून ती अंगावर कपड्यांचे थर चढवत असे. तिच्या तीन बहिणी विकल्या गेल्या. किशोरवयात एकदा पळू पाहणाऱ्या दुसऱ्या गुलामावर मुकादमाने फेकलेले दोन पौंडांचे वजन तिच्या डोक्यात बसले. तेव्हापासून बोलता बोलता तिला एकाएकी गाढ झोप लागे, विलक्षण स्वप्ने पडत. त्या स्वप्नांतून ईश्वर आपल्याशी बोलतो, अशी तिची आयुष्यभर श्रद्धा होती.

आई रिटची एक गोष्ट घरात सांगितली जाई. जॉर्जियाच्या एका व्यापाऱ्याने तिचा धाकटा मुलगा विकत घ्यायचे ठरवले. रिटने इतर गुलामांच्या मदतीने त्याला महिनाभर लपवून ठेवले. शेवटी मालक व्यापाऱ्याला घेऊन झोपडीशी आला तेव्हा ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, जो पहिला आत पाऊल टाकील त्याचे डोके फोडीन. सौदा मोडला. या माउलीला गुलामगिरीची जाणीव कोण करून देणार होते?

मग ज्यांना सगळे कळत होते ते पळून का जात नव्हते? इथेच आपल्या विचाराची खरी परीक्षा आहे.

१८४९ मध्ये आपल्याला विकण्याचा बेत चालू आहे हे हॅरिएटला कळले. त्याआधी ती मालकाचे मन पालटावे म्हणून रात्रंदिवस प्रार्थना करीत होती. विक्रीची बातमी आली तेव्हा तिने प्रार्थना बदलली: त्याचे मन पालटणार नसेल तर त्याला ने. आठवड्याभरात मालक खरोखरच वारला. तिला आनंद झाला नाही, फार पश्चात्ताप झाला. आणि व्यवहारात पाहिले तर त्या मृत्यूने संकट वाढलेच. मालकाची विधवा कर्ज फेडण्यासाठी गुलाम विकणार हे उघड होते. आपण ईश्वराकडे कुणाचा तरी काटा निघावा असे मागतो, तो निघतो, आणि बेडी तिथेच राहते. आपल्यापैकी पुष्कळांनी हा अनुभव लहान प्रमाणात घेतला असेल.

त्या वर्षीच्या १७ सप्टेंबरला ती बेन आणि हेन्री या दोन भावांबरोबर निघाली. भावांचा धीर सुटला, मागे राहिलेल्यांची ओढ होती. ते परत फिरले आणि तिलाही परत घेऊन आले. थोड्याच दिवसांत ती पुन्हा निघाली, या वेळी एकटी. तिचा नवरा जॉन टबमन कायद्याने स्वतंत्र होता, तरी तो बरोबर आला नाही. ध्रुवतारा पाहत, रात्री चालत, ठिकठिकाणच्या सज्जनांच्या घरी लपत, सुमारे नव्वद मैल तोडून तिने पेनसिल्व्हेनियाची हद्द ओलांडली. पुढे तिने सांगितले आहे की त्या क्षणी तिने आपले हात निरखून पाहिले, आपण तीच आहोत का हे बघायला. पण त्यापुढचे तिचे सांगणे मला जास्त मोलाचे वाटते: स्वतंत्र भूमीवर तिचे स्वागत करायला कुणीच नव्हते. घर अजून मेरीलँडमध्येच होते, कारण आई, वडील, भावंडे तिथे होती.

साधकहो, मुक्ती ही एकट्याने ओलांडायची रेषा आहे असे आपण सहज समजतो. भागवतातला प्रल्हाद नृसिंहाला सांगतो की या दीनांना मागे टाकून मला एकट्याला मोक्ष नको. ते आपण भक्तिभावाने वाचतो आणि मोठ्यांची गोष्ट म्हणून बाजूला ठेवतो. फिलाडेल्फियात मोलमजुरी करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईने तेच ठरवले, आणि पैसे साठवायला लागली.

इथे कुणी म्हणेल, ही तर आसक्ती झाली. आपल्याच माणसांसाठी जीव धोक्यात घालणे म्हणजे मोह. त्याला लोकसेवा कसे म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. तिची सुरुवात आपल्याच माणसांपासून झाली हे खरे. डिसेंबर १८५० मध्ये तिची भाची केसाया दोन लेकरांसह केंब्रिज गावच्या न्यायालयापाशी लिलावात उभी राहणार होती. केसायाचा नवरा स्वतंत्र होता. ठरल्याप्रमाणे त्यानेच सर्वांत चढी बोली लावली, आणि पैसे भरायची वेळ येण्याआधी बायकोमुलांना हलवले. रात्री होडीतून तो त्यांना घेऊन बाल्टिमोरला पोचला, तिथे हॅरिएट वाट पाहत होती.

पण १८५१ च्या शरद ऋतूत जे घडले त्याने तिच्या आयुष्याला वळण दिले. ती नवऱ्याला आणायला गेली. साठवलेल्या पैशांतून त्याच्यासाठी कपड्यांचा नवा जोडही घेतला होता. गेल्यावर कळले की त्याने दुसरा संसार थाटला आहे, आणि तो तिला भेटायलाही तयार नाही. आधी तिला वाटले, जावे आणि चारचौघांत तमाशा करावा. मग तिने तो विचार सोडला. त्याच भागात सुटायला उत्सुक असलेले काही लोक होते. त्यांना गोळा करून ती फिलाडेल्फियाला घेऊन गेली. प्रेम जिथे नाकारले गेले तिथून ती रिकाम्या हाताने परतली नाही, तेच प्रेम तिने परक्यांकडे वळवले. वैराग्य म्हणजे प्रेम आटणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही गोष्ट पुन्हा एकदा वाचावी.

१८५० मध्येच फरारी गुलामांविषयीचा कडक कायदा आला होता. पळून आलेल्याला उत्तरेतल्या मुक्त राज्यातूनही पकडून परत पाठवता येई. त्याला मदत करणाऱ्याला एक हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद होऊ शके. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला, माणूस मालकाकडे परत पाठवला तर दहा डॉलर मिळत आणि सोडला तर पाच. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. यानंतर फिलाडेल्फिया पुरेसे सुरक्षित राहिले नाही, आणि ती लोकांना थेट कॅनडातील सेंट कॅथरिन्सपर्यंत नेऊ लागली.

आता तिची पद्धत पाहा. ती बहुधा हिवाळ्यात जाई, कारण रात्री लांब असतात आणि लोक घराबाहेर पडत नाहीत. निघायचे ते शनिवारी रात्री. रविवारी फरारीची जाहिरात छापता येत नसे, त्यामुळे एक दिवस हाती मिळे. तान्ही मुले रडू नयेत म्हणून त्यांना अफूचा अंश असलेले औषध देई. वाटेवर मुक्कामाची घरे ठरलेली होती. विल्मिंग्टनचे क्वेकर पंथाचे व्यापारी थॉमस गॅरेट जोडे आणि पैसे देत. फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल आलेल्या प्रत्येकाची हकीकत लिहून ठेवत. १८५० मध्ये एक अनोळखी माणूस त्यांच्या कचेरीत आला. आपल्या आईवडिलांची माहिती सांगता सांगता उघड झाले की तो स्टिल यांचाच, दक्षिणेत राहून गेलेला थोरला भाऊ पीटर आहे. ताटातूट झालेली माणसे पुन्हा भेटावीत म्हणून नोंदी नीट ठेवल्या पाहिजेत, हे त्यांच्या मनाने तेव्हा घेतले. गुप्ततेच्या त्या काळात अशा वह्या बाळगणे म्हणजे जिवावरचे काम होते.

१८५४ च्या नाताळची हकीकत मात्र सविस्तर सांगितलीच पाहिजे. तिचे तीन भाऊ नाताळच्या दुसऱ्या दिवशी विकले जाणार होते. तिने जेकब जॅक्सन नावाच्या, लिहिता-वाचता येणाऱ्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीयाला दुसऱ्याच्या सहीने पत्र धाडले. भावांना सांगा की प्रार्थनेत सावध राहा आणि तारणाचे जहाज आले की चढायला तयार असा, असा वरवर भाविक मजकूर त्यात होता. टपालातल्या लोकांनी पत्र आधीच फोडून वाचले होते. त्यांना काही उमगेना. जॅक्सनने एका नजरेत अर्थ ओळखला, मला यातले काही कळत नाही म्हणून पत्र परत केले, आणि तडक भावांना निरोप पोचवला.

सगळे आईवडिलांच्या झोपडीजवळच्या कडब्याच्या कोठारात लपले. मुले नाताळच्या जेवणाला येतील म्हणून आईने सारी तयारी केली होती. ती वाट पाहत बसलेली मुलांना फटीतून दिसत होती. तिला सांगता येत नव्हते, कारण तिला रडू आवरले नसते आणि सगळ्या वस्तीला कळले असते. वडिलांना मात्र बोलावले. बेन जेवण घेऊन आला, पण मुलांकडे त्याने पाहिले नाही. निघायच्या वेळी डोळ्यांना रुमाल बांधून, मुलांच्या हातांचा आधार घेत, तो काही अंतर त्यांच्याबरोबर चालला. मग वाटेत थांबला आणि पावलांचा आवाज विरेपर्यंत तसाच उभा राहिला. उद्या विचारणा झाली की मुले माझ्या दृष्टीस पडली नाहीत, असे त्याला शपथेवर सांगता यावे म्हणून हे सारे. खोटे न बोलण्याबद्दल बेनची ख्याती होती.

बेनने सत्य पाळले की मोडले? सत्संगात यावर बराच वेळ चर्चा झाली. कुणाला धर्मराजाचे 'नरो वा कुंजरो वा' आठवले, आणि आठवणारच. धर्मराजाच्या अर्धसत्याने एका पित्याच्या हातून शस्त्र खाली ठेववले आणि त्याचा वध घडवला. बेनने डोळे बांधले ते मुले विकली जाऊ नयेत म्हणून, आणि त्याची किंमत स्वतः मोजली: जन्मभर पुन्हा दिसतील की नाही याची शाश्वती नसलेल्या मुलांचे चेहरे त्याने त्या रात्री पाहिले नाहीत. मला तरी त्यात सत्याची थट्टा दिसत नाही. (तीन वर्षांनी हॅरिएटने त्या दोघा म्हाताऱ्यांनाही सोडवून आणले.) विल्मिंग्टनला पोचेपर्यंत तिच्या आणि आणखी एकाच्या पायातले जोडे पार झिजून गेले होते, गॅरेट यांनी नव्यासाठी दोन डॉलर दिले.

तिच्याजवळ पिस्तूल असे, हेही लपवून ठेवायला नको. वाटेत कुणी खचून मागे फिरू लागला तर ती ते रोखून म्हणे, पुढे चाल नाहीतर मर. मागे फिरलेल्याला फटके मारून सारी घरे, सारी नावे वदवून घेतली असती, असे तिचे कारण होते. कारण खरे आहे. तरी माणसाला बळजबरीने मुक्त करता येते का, हा प्रश्न मनात राहतोच. मी इतकेच पाहिले की तिने कुणालाही निघण्याची बळजबरी केली नाही. जॉन आला नाही, त्याला तिने सोडून दिले. बंदूक निघाली ती, स्वतःच्या मर्जीने निघालेल्याच्या परत फिरण्याने दहा जणांचा जीव जाणार होता तेव्हा. आणि हेही स्पष्ट म्हणतो: हे उदाहरण देऊन कुणी नेता किंवा मार्गदर्शक आपल्या माणसांना संस्थेत धरून ठेवू लागला, तर त्याला हॅरिएट कळलेलीच नाही.

इथे कुणी विचारील, जाणीव करून देण्याला मग काहीच मोल नाही का? महाराष्ट्रात तर सुधारणेची सुरुवातच तिथून झाली. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केले आहे. त्यांच्यापुढची बेडी धर्माच्या नावाने मनात उतरवलेली होती. ती दाखवून देणे आवश्यकच होते. पण जोतिराव दाखवून थांबले नाहीत. हॅरिएट पळाली त्याच्या आदल्या वर्षी, १८४८ मध्ये, त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली होती, आणि १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. तहानलेल्याला पाणी दिसत होतेच, हौदापर्यंतची वाट बंद होती.

आपल्या देशात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा आहे. तरी एखाद्या वीटभट्टीवर उचल घेऊन अडकलेल्या मजुराशी बोलून बघा. किती घेतले, किती फिटले म्हणतात, किती उरले म्हणतात, हे त्याला रुपयापर्यंत पाठ असते. त्याला उपदेश करायला जाण्याआधी, तो निघाला तर त्या रात्री त्याची मुले कुठे झोपतील, हे आपण ठरवले आहे का?

हॅरिएटने किती जणांना सोडवले? जुन्या चरित्रात एकोणीस फेऱ्या आणि तीनशे माणसे असा आकडा आहे, आणि तोच सर्वत्र सांगितला जातो. नव्या संशोधनानुसार फेऱ्या सुमारे तेरा, माणसे सुमारे सत्तर. शिवाय तिने दिलेल्या सूचनांवरून स्वतःच्या पायांनी सुटलेले आणखी साधारण तेवढेच. आपल्याला मोठे आकडे आवडतात. पण दहा वर्षांत सत्तर माणसे, प्रत्येकाचे नाव तिला ठाऊक, हे मला अधिक खरे आणि अधिक अवघड वाटते.

आणि सगळी सुटली नाहीत. रेचल ही तिची बहीण. तिला आणण्यासाठी हॅरिएटने वर्षानुवर्षे धडपड केली, पण रेचल मुलांना सोडून यायला तयार नव्हती आणि मुले दुसरीकडे ठेवलेली होती. १८६० च्या अखेरीस हॅरिएट शेवटची तिथे गेली तेव्हा रेचल मरण पावली होती. निदान दोन मुलांना तरी न्यावे, तर त्यासाठी तीस डॉलरची लाच हवी होती. ते तीस डॉलर तिच्याजवळ नव्हते. ती दुसऱ्याच एका कुटुंबाला तान्ह्या बाळासकट घेऊन निघाली. सत्संगात मी हे सांगितले तेव्हा त्याच आजींनी विचारले, "त्या लेकरांची नावं काय होती हो?" मुलाचे नाव बेन, आजोबांचेच, मुलीचे अँजरीन.

पुढे यादवी युद्ध पेटले. दक्षिण कॅरोलायनात ती शुश्रूषा करी, हेरगिरी करी, आणि लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून सरकारी शिधा सोडून पाय नावाची भाजलेली पक्वान्ने विकून पोट भरी. जून १८६३ मध्ये कॉम्बाही नदीवर सैन्याच्या बोटी गेल्या तेव्हा वाट दाखवणाऱ्यांत ती होती. बोटींचा भोंगा वाजताच शेतांतून माणसे धावत सुटली. एका बाईच्या डोक्यावर चुलीवरून तशीच उचललेली, वाफ निघणारी भाताची बादली होती, कुणाच्या पोत्यात डुकराचे पिल्लू, कुणाच्या पाठीला मूल लटकलेले. सातशेहून अधिक माणसे त्या एका दिवशी सुटली. त्यांना कुणी व्याख्यान दिले नव्हते, बोटी आल्या होत्या.

युद्धानंतर ती न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न गावी राहिली. लढाईतल्या कामाचा नीट मोबदला तिला कित्येक वर्षे मिळाला नाही. घरात मात्र सतत कुणी ना कुणी निराधार असे. शेजारची पंचवीस एकर जमीन तिने १८९६ मध्ये लिलावात घेतली, आणि वृद्धाश्रमासाठी पुढे ती एका चर्चला देऊन टाकली. चर्चने नियम केला की प्रवेशासाठी शंभर डॉलर भरावेत. ती संतापली. ज्याच्याजवळ एक कवडीही नाही त्यालाच आत घ्यावे, असा नियम तिला हवा होता. तिचे ऐकले गेले नाही. १९०८ मध्ये आश्रम सुरू झाला, आणि पुढे तीच तिथे राहायला गेली. १० मार्च १९१३ रोजी तिथेच तिने देह ठेवला.